एथेलची वही

शनिवारी सकाळी बोरीवली स्टेशनजवळच्या भाजीबाजारात अनिरुद्ध कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला आणि पडद्यावर एथेलचं नाव आलं. गेली नऊ वर्षं हे नाव दिसलं की न वाचताच त्याचं बोट आपसूक पुढे सरकायचं. आज सरकलं नाही. एथेलच्या खात्यावरून निरोप होता, पण लिहिणारी एथेल नव्हती. 'नमस्कार. मी व्हर्नन, गोराईहून. एथेलचा नवरा. एथेल फेब्रुवारीत गेली. टेकडीवर क्रुसापाशी तिने एक डबा लपवला होता. त्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर तिचं अक्षर आहे, म्हणून मी तो आणायला गेलो. डबा नव्हता. एक काळी प्लास्टिकची डबी मिळाली आणि आत कागदाची पट्टी. पट्टीवर पहिलं नाव अबोली, जानेवारी २०१६. ती तुमची मुलगी असं वेबसाइटवरून समजलं. तुमच्या आधी तिथे किरण नावाचे गृहस्थ गेले होते. तुम्ही गेलात तेव्हा वही होती, की ही डबीच होती? तेवढंच सांगा.' मागून एका बाईने 'ओ भाऊ, घेताय का बाजूला होताय?' म्हणत कोपर मारलं. अनिरुद्ध बाजूला झाला. टोमॅटोच्या ढिगाशेजारी उभं राहून त्याने चार मिनिटांत उत्तर लिहिलं: 'आम्ही गेलो तेव्हा ही काळी डबीच होती. वही मी पाहिली नाही. एथेल यांच्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं.' पाठवलं. मग हातातली जुडी तशीच पिशवीत टाकली आणि घरी आला. रेवतीने, त्याच्या बायकोने, पिशवी ओतली आणि कपाळाला हात लावला. 'अरे, सगळी पिवळी! लक्ष कुठे होतं तुझं?' तो म्हणाला, 'गर्दी होती गं.' हे मात्र खरं होतं.

आता हा सगळा काय प्रकार, ते सांगायला हवं. जगभर काही हौशी लोक डब्या लपवतात. बाकाखाली, दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात. दुसरे हौशी फोन हातात धरून बाणाच्या मागे मागे जातात, डबी हुडकतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात, डबी होती तिथे ठेवतात आणि घरी येऊन वेबसाइटवर 'सापडली' असं नोंदवतात. मिळत काही नाही. घरच्यांना वाटतं, माणूस कामातून गेला. याला म्हणतात जिओकॅशिंग. अनिरुद्धला हे वेड ऑफिसने जर्मनीला पाठवलं तेव्हा लागलं. तिथल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत त्याला नदीकाठी नेलं होतं आणि पुलाच्या कठड्याखालून चुंबकाने चिकटलेली बोटभर नळी काढून दाखवली होती. त्यानंतर हा गडी जिथे जाईल तिथे डब्या शोधत सुटला. सिंगापूरला बायको खरेदीला गेली की हा झुडपांत. कूर्गला सगळे धबधब्यापाशी फोटो काढताहेत आणि हा पालथा पडून मोरीत हात घालतोय. मुंबईत डब्या कमी आणि हौशी त्याहून कमी, वीस-बावीस टाळकी. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्या ग्रुपचा नियमवाला अनिरुद्धच. 'सापडली नाही तर सापडली नाही असं लिहायचं, त्यात लाज कसली?' हे वाक्य त्याचंच. डबी सापडली नाही की काही लोक खिशातली दुसरी डबी तिथे टाकून 'सापडली' म्हणून मोकळे होतात. ग्रुपवर त्याला 'टाकू डबी' म्हणत, आणि तसं करणाऱ्यांवर अनिरुद्ध तुटून पडत असे. नोकरीही तशीच. अंधेरीला औषधांच्या कंपनीत तो क्वालिटीत होता. दहाचं तापमान बारा वाजता आठवून लिहिलेलं त्याला अक्षरावरून कळायचं. पोरं टरकून असायची. 'देशपांडे सरांच्या पुढ्यात खोटी नोंद टिकत नाय,' असं ती एकमेकांना सांगायची, आणि ते कानावर आलं की त्याला मनातून बरं वाटायचं. निदान जानेवारी २०१६ पर्यंत तरी वाटायचं.

त्या जानेवारीत त्याच्या नव्याण्णव डब्या झाल्या होत्या. किरण त्याच्या पुढे होता, एकशे चार. किरण घाटकोपरचा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, जिवाला जीव देणारा पण भयंकर ढिसाळ. नेलेली छत्री परत आणणार नाही, पुस्तक परत देणार नाही, दिलेली वेळ पाळणार नाही. आणि अशा माणसाला गोराईची डबी एका फेरीत सापडली! फोन करून म्हणाला होता, 'झकास जागा आहे रे अन्या, पोरीला घेऊन जा.' तेव्हा दहा वर्षांच्या अबोलीला घेऊन तो गेला. बोरीवलीहून जेटी, तिथून होडी, तिवरांचा तो कुबट वास, पलीकडे उतरल्यावर ख्रिस्ती वाडीतून वर जाणारी वाट, टेकडीच्या माथ्यावर चुना लावलेला क्रूस आणि त्याच्यामागे जुनी दगडी भिंत. बाण झाडांखाली गेला की वेडा व्हायचा, कधी भिंतीकडे, कधी वाटेकडे. अडीच तास शोधलं. मुळं उचकली, दगड उलथे केले, पालापाचोळा उपसला. अबोलीला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांची शंभरावी डबी तू शोधायचीस. पहिला तासभर ती माकडासारखी उड्या मारत होती. मग पाणी संपत आलं, गुडघा खरचटला, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, 'बाबा, मला येतच नाही हे.' वेबसाइटवर त्या पानावर एथेलने लिहिलं होतं, 'सापडलं नाही तर खाली आमच्या घरी या. हिरवं दार. चहा देईन, खूणही सांगेन.' हिरवं दार वरून दिसत होतं. दोन मिनिटांची वाट. पण किरणला सापडलं आणि आपण दार ठोठावायचं? अनिरुद्धच्या सॅकमध्ये जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी होती. कुणाचा कागद भिजला असला तर बदलायला तो पट्ट्या आणि डब्या बाळगायचा. चांगल्या कामासाठीच बाळगायचा. अबोली पाठ करून पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती, तेवढ्यात त्याने कोऱ्या पट्टीची गुंडाळी आत सरकवली आणि डबी क्रुसाच्या चौथऱ्याखालच्या फटीत ढकलली.

त्यानंतर तो तिच्याशी थंड-गरम खेळला. 'थंड. थंड. जरा गरम. गरम, गरम, अगं चटका बसेल आता!' आणि पोरीने डबी काढली. अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उठले. तिने त्याच्या कमरेला मिठी मारली. तिने जीभ बाहेर काढून पेन्सिलीने नाव लिहिलं, अबोली, काना-मात्रा सगळं ठसठशीत. 'बाबा, आधी कुणाचंच नाव कसं नाही?' 'नवी पट्टी असेल,' तो म्हणाला. हेही खरंच. त्या वेळेपासून त्याला ही एक खोड लागली होती. खोट्याच्या अवतीभवती खरी वाक्यं शोधून काढायची आणि त्यांच्या आड बसून राहायचं. संध्याकाळी त्याने वेबसाइटवर नोंद केली, 'सापडली. माझी शंभरावी, शोधली माझ्या मुलीने. डबी उत्तम स्थितीत. आभार.' खाली एथेलचं उत्तर आलं, 'शाब्बास मुली! घरी का नाही आलात? पुढच्या वेळी या.' त्या पुढच्या वेळेला तो गेला नाही. नंतर आलेल्या प्रत्येकाला चौथऱ्याखालची काळी डबीच सापडत गेली, सगळे 'उत्तम स्थितीत' लिहीत गेले. पुढे एथेलचे गुडघे गेले, सगळं उत्तम आहे म्हटल्यावर ती बिचारी वर कशाला येतेय बघायला? हे सगळं अनिरुद्धला त्या शनिवारी, पिवळी कोथिंबीर निवडत बसलेल्या रेवतीसमोर पेपर धरून बसल्यावर समजलं. म्हणजे माहीत आधीपासून होतं. समजलं त्या दिवशी.

मंगळवारी किरणचा फोन आला. 'अन्या, यार, त्या गोराईच्या म्हाताऱ्याने मला काय लिहिलंय वाच. म्हणतो, माझ्या बायकोची वही परत करा, नाहीतर देव बघून घेईल. मी काय चोर आहे का रे?' व्हर्ननने ग्रुपमधल्या आणखी दोघा-तिघांना विचारलं होतं, आणि उत्तर सगळ्यांना एकच सुचलं. किरण ना? नेली असेल, पुस्तकंही नेतो की, परत कुठे देतो. कुणी तसं मोठ्याने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. फक्त किरणने 'मी वही तिथेच ठेवली होती' असं ग्रुपवर लिहिलं, आणि त्यावर दोन दिवस कुणी अंगठासुद्धा दिला नाही. तिसऱ्या दिवशी तो ग्रुप सोडून गेला. अनिरुद्ध त्याला भेटायला घाटकोपरला गेला. खाऊगल्लीत उभ्याउभ्या डोसा खाताना किरणने प्लेट मध्येच ठेवून दिली. बावन्न वर्षांचा माणूस, ओठाला चटणी लागलेली, डोळे भरलेले. 'मला कळतं रे, मी वस्तू परत द्यायला विसरतो. पण ते विसरणं झालं. मेलेल्या बाईची वही मी कशाला ठेवून घेईन? तू तरी मानतोस ना?' 'मानतो रे,' अनिरुद्ध म्हणाला. 'तू नाही नेलीस.' याहून खरं वाक्य त्याने आयुष्यात उच्चारलं नसेल. त्या तव्यांच्या धुरात आणि मसाल्याच्या वासात किरणने त्याचा हात घट्ट दाबला. सांग, आत्ता सांग, असं तो स्वतःला म्हणत होता. तेवढ्यात किरण म्हणाला, 'आणखी एक मैसूर सांगू?' आणि तो म्हणाला, 'सांग.'

त्यानंतरचे आठवडे त्याला स्वतःची शिसारी येत राहिली, आणि ती दाढी करताना, लिफ्टच्या आरशात, कुठेही गाठायची. ऑफिसात एका मुलीने नोंदवहीत मागच्या तारखेची सही केली होती. ती समोर उभी राहून म्हणाली, 'सॉरी सर, विसरले, मग भीती वाटली.' एरवी त्याने तिला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तो वहीच्या त्या चौकटीकडे बघत बसला आणि म्हणाला, 'आधी येऊन सांगायचं ना. सांगितलं असतं तर काय झालं असतं?' मुलगी म्हणाली, 'सर, तुम्ही ओरडला असता.' बरोबर होतं तिचं. तिला पाठवून दिल्यावर त्याने फोन काढला, व्हर्ननला लिहायला सुरुवात केली, 'तुम्हाला एक सांगायचं राहिलं.' मग ते खोडलं. राहिलं कसलं डोंबलाचं? किरणचं नाव जाऊ नये म्हणून काय करता येईल याचा तो तासन्‌तास विचार करायचा, एक सोडून सगळे उपाय त्याला सुचायचे. आणि घरी अबोली होती. एकोणीस वर्षांची झालेली, वनस्पतिशास्त्र शिकणारी, शनिवार-रविवार शाळेतल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने झाडं दाखवत हिंडणारी. मुलं कंटाळली की ती त्यांना आपली गोष्ट सांगायची. मी दहा वर्षांची असताना अडीच तास शोधत होते, रडले होते, आणि मग सापडलं. एकदा गॅलरीत उभं राहून ती हे कुणाला तरी फोनवर सांगत होती. 'खरं सांगू? तेव्हापासून मला शोधल्याशिवाय सोडायचं नाही ही सवयच लागली.' आत सोफ्यावर अनिरुद्धने टीव्हीचा आवाज वाढवला.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हर्ननचा दुसरा निरोप आला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एथेलचा वाढदिवस. त्या दिवशी टेकडीवर नवी वही ठेवायची आहे. पट्टीवर तुमच्या मुलीचं नाव पहिलं आहे, तर नव्या वहीतही तिनेच पहिलं लिहावं. याल का? अनिरुद्धने टाळायची कारणं जुळवायला घेतली, पण व्हर्ननने अबोलीलाही वेगळं लिहिलं होतं, आणि ती नाचतच खोलीत आली. 'बाबा, किती गोड आहेत हे आजोबा! आपण जायचंच.' रेवतीने वाटेत लागेल म्हणून डब्यात लाडू भरून दिले. होडीत अबोली पुढे जाऊन बसली. तिवरांमधून बगळे उडत होते, पलीकडच्या पॅगोडाची सोनेरी घुमटी उन्हात चमकत होती, आणि अनिरुद्ध मनातल्या मनात म्हणत होता, आज सांगायचं. घरात शिरल्या शिरल्या सांगायचं. चहाच्या आधी.

हिरवं दार आता निळं झालं होतं. व्हर्नन दारातच उभा होता, पंचाहत्तरीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर केस. 'या, या. चपला राहू द्या आतच, कुत्रा पळवतो.' टेबलावर फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि चहा तयार होता. भिंतीवर एथेलचा फोटो, जाड भिंगांचा चष्मा, हसताना एक डोळा बारीक. 'हा खेळ तिला मुलीने कॅनडाहून शिकवला. मी हसायचो. म्हणायचो, अगं, म्हातारपणी लपाछपी खेळतेस? कधी वर गेलो नाही तिच्याबरोबर. एकदाही नाही. मला काय ठाऊक, तेवढंच राहणार आहे तिचं?' अबोलीने त्याच्या हातावर हात ठेवला. अनिरुद्धने फुगा तोडून तोंडात घातला. तो गोडसर होता. 'कपड्यांना वास येतो अजून तिचा, पण अक्षर घरात कुठे नाही,' व्हर्नन म्हणाला. 'यादी करायची ती पाटीवर आणि पुसून टाकायची. ती एक वही होती. आणि ती त्या माणसाने नेली. काय करणार आहे तो तिचं?' चहा संपला. अनिरुद्धने काही सांगितलं नाही.

वर चढताना व्हर्नन काठी टेकत पुढे, अबोली त्याच्या जोडीला, अनिरुद्ध मागे. क्रुसाला नवा चुना लावला होता. व्हर्ननने धापा टाकत चौथऱ्यावर बूड टेकलं, पिशवीतून कोरी वही काढली आणि म्हणाला, 'दाखव बाळा, कुठे मिळाली तुला ती डबी. सगळं सांग मला. तिच्या खेळातली एक तरी गोष्ट नीट ऐकू दे.' अबोली खुलली. वाटेवर जाऊन उभी राहिली आणि तिथून सुरुवात केली. 'मी इथे होते अंकल, पाणी पीत होते. जाम रडू येत होतं. मग बाबा म्हणाले, चल, आणखी एकदा. मी या बाजूला गेले तर बाबा म्हणाले थंड. इकडे आले तर म्हणाले जरा गरम. मग इथे वाकले तर म्हणाले गरम, गरम, चटका बसेल...' आणि ती थांबली. हात फटीपाशी, तशीच वाकलेली. व्हर्नन हसत होता, त्याला काही लक्षात आलं नव्हतं. 'मग?' तो म्हणाला. 'बाबांना बरं माहीत होतं, गरम कुठे ते?'

अबोली सावकाश उभी राहिली आणि तिने बापाकडे बघितलं. अनिरुद्धला पुढचं वाक्य तयार दिसत होतं, अगदी सहज, कुणीही मानेल असं. मला आधी सापडली होती, पण म्हटलं पोरीला शोधू द्यावी. सगळे बाप असंच करतात. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी अबोलीच बोलली. घाईघाईने, हसून, आवाज जरा चढवून. 'बाबांना आधीच सापडली असणार ना अंकल! मला शोधू दिली त्यांनी. हो ना बाबा?' डोळे त्याच्यावर रोखलेले, हो म्हण, म्हणून. तिला संशय आला होता आणि ती त्याला वाचवत होती. नऊ वर्षं तो स्वतःपुरता खोटं बोलत होता. आता पोर त्याच्यासाठी बोलायला लागली होती, आणि त्याच्यासारखंच, चटकन, मोकळ्या चेहऱ्याने. हे मात्र त्याला बघवेना.

'नाही,' तो म्हणाला. 'मला सापडली नव्हती. ती डबी माझीच आहे, व्हर्नन. मीच ती तिथे टाकली, ही पाणी पीत होती तेव्हा. तुमचा डबा आम्ही कधी पाहिलाच नाही. मी तुम्हाला खोटं लिहिलं.' आणखी बरंच बोलायचं ठरवलं होतं, माफीची वाक्यंसुद्धा पाठ होती, पण व्हर्नन ऐकतच नव्हता. तो काठीवर जोर देऊन उठला होता आणि त्याचा चेहरा भलताच झाला होता. 'थांबा, थांबा. म्हणजे डबा बदलला कुणी नाही? तिचा डबा कुणी काढलाच नाही?' 'नाही.' 'मग आहे तो!' म्हातारा ओरडला. 'अरे, मग इथेच आहे की! मी वेडा, नेला म्हणून बघितलंसुद्धा नाही नीट.' आणि तो क्रुसामागच्या भिंतीकडे सुटला. अबोलीने मुकाट्याने गुडघ्यांवर बसून मुळांत हात घातला. 'खाली नको बघू बाळा,' व्हर्नन म्हणाला. 'एथेलला वाकता येत नव्हतं. तेव्हा चालायची भरपूर, पण खाली बसली की उठायला दोन माणसं लागायची. ती वरच ठेवणार.' आणि तो भिंतीचे दगड छातीच्या उंचीवर एकेक चाचपत गेला. अनिरुद्धने त्या दिवशी अडीच तास शोधलं ते सगळं गुडघ्याखाली शोधलं होतं. सातवा की आठवा दगड हलला. मागे दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याने आवळलेला स्टीलचा डबा होता.

वही कडेने तपकिरी झाली होती, पानं फुगली होती, पण पेन्सिलीचं अक्षर शाबूत होतं. व्हर्ननने पहिलं पान उघडलं आणि वाचलं नाही, नुसता त्यावर पंजा ठेवून बसला. ओठ हलत होते. अबोली त्याच्या शेजारी टेकली. अनिरुद्धकडे कुणी बघत नव्हतं. आपण सांगितल्यावर काय काय होईल, ओरडतील, हाकलतील, असं सगळं त्याने दोन महिने उगाळलं होतं. म्हातारा असा आनंदाने ओरडेल, हे त्यात कुठेच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी टोमॅटोच्या ढिगाशेजारी उभं राहून त्याने खरी एक ओळ लिहिली असती, तर हा आनंद याला त्याच दिवशी मिळाला असता. एथेल जिवंत असताना लिहिली असती तर तिलाही. उभं राहायला जागा मिळेना म्हणून तो क्रुसाच्या सावलीत सरकला.

व्हर्ननने डोळे पुसले आणि पानं उलटायला घेतली. दहा-बारा पानं भरलेली होती, मग शेवटची एक नोंद आणि पुढे सगळं कोरं. ती त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. '३ जानेवारी २०१६. दीड तास शोधून हरलो. मग खाली जाऊन विचारलं. एथेल आंटींनी चहा दिला, वर फुगे, आणि खूण फुकट. या वहीला जपा रे लोकहो. किरण, घाटकोपर.' त्याने वही मिटून मांडीवर ठेवली. 'हा माणूस माझ्या घरी चहा पिऊन गेला,' तो अनिरुद्धला म्हणाला, 'आणि मी त्याला लिहिलं, देव तुला बघून घेईल. आठ जणांना सांगितलं मी. चर्चमध्ये फादरना सांगितलं. पंचाहत्तर वर्षांत मी कुणाला चोर म्हटलं नव्हतं हो. तुम्ही माझ्याकडून म्हणवून घेतलंत.' आवाज चढलेला नव्हता.

'किरणकाकांचा नंबर दे,' अबोली म्हणाली. वर बघितलंच नाही तिने. अनिरुद्धने फोन काढून तिच्या हातात दिला. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन व्हर्ननपुढे धरला. 'बोल रे अन्या!' पलीकडून किरणचा मोठा आवाज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या. 'अन्या नाही,' व्हर्नन म्हणाला, 'मी गोराईहून व्हर्नन बोलतोय. एथेलचा नवरा. वही मिळाली मला. जिथे होती तिथेच मिळाली. तुमचं अक्षर शेवटचं आहे. मी तुम्हाला जे काही बोललो त्याची माफी मागतो. हात जोडून मागतो.' आणि फोनपुढे त्याने खरोखरच हात जोडले. पलीकडे कुणीतरी कुकर बंद केला. किरण खाकरला. पुन्हा खाकरला. 'अहो अंकल, असं नका बोलू. मिळाली ना? बस झालं. खरं सांगू, फार लागलं होतं मला. ग्रुपमधलं एकसुद्धा माणूस माझ्याशी बोलत नव्हतं. एकटा अनिरुद्ध आला भेटायला, म्हणाला, तू नाही नेलीस. तो होता म्हणून मी सावरलो, नाहीतर वेड लागलं असतं. त्यानेच शोधली असेल ना वही? मला वाटलंच. आहे का तिथे तो? द्या ना जरा त्याला.'

व्हर्ननने अनिरुद्धकडे पाहिलं. अबोलीने फोन धरलेला हात लांब केला. अनिरुद्धने तो घेतला. स्पीकर बंद करायला त्याचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि तिथून मागे आला.

'किरण,' तो म्हणाला, 'ती काळी डबी मी टाकली होती.'